बोरू, ब्रश आणि टॅबलेट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्रकाशकांचा फोन आला. मुलांसाठी एक छोटं गोष्टीचं पुस्तक करायचं होतं. गोष्ट एकच, पण पुस्तिका दोन, एक मराठीत आणि एक उर्दूत. गोष्ट आमच्या सोलापूरचीच. यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांसाठी एक मुलगी घरून डबा घेऊन निघते, वाटेत तिला काय काय दिसतं, एवढंच. चित्रं १२. "टीचर, जलरंगात करा नाहीतर टॅबलेटवर करा, आम्हाला दोन्ही चालेल. फक्त आठवड्याभरात ठरवून सांगा," ते म्हणाले.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा दिल्या, पुढे बी.एड. करून नोकरीला लागले. वर्गासाठी तक्ते करता करता चित्रं वाढली, मग ओळखीतून तीन-चार पुस्तिका मिळाल्या. जलरंग माझे लहानपणापासूनचे. टॅबलेट तीन वर्षांपूर्वी भाच्यानं आणून दिला, आणि त्यावरही आता माझा हात बऱ्यापैकी बसलाय. म्हणजे ठरवायला आठवडा पुरेसा होता. मला महिना लागला.

आधी जलरंगाचं सांगते. ज्यांनी शाळेत रंगपेटी वापरली आहे त्यांना माहीत असेल, जलरंगात पांढरा रंग आपण लावत नाही, तो कागदाचाच असतो. जिथं ऊन हवं तिथं कागद कोरा सोडायचा. गडद रंगावर नंतर फिका रंग चढत नाही, त्यामुळे उजेड कुठं ठेवायचा हे ब्रश बुडवण्याआधी ठरवावं लागतं. ओल्या कागदावर रंग सोडला की तो स्वतः पसरतो, थोडा आपण सांगू तिकडे, थोडा त्याच्या मर्जीनं. सोलापूरचं मे महिन्यातलं दुपारचं आकाश असंच जमतं. मागाच्या खोलीत हवेत तरंगणारी कापसाची रुई, खिडकीतून आत येणारा धुरकट उजेड, हे जलरंगात दोन हातांत होऊन जातं. टॅबलेटवर तेच करायला मला तासभर लागतो आणि तरी ते धुकं वाटतं, रुई वाटत नाही.

शिवाय जलरंगाशी माझं एक नातं आहे. इंटरमीजिएटच्या वेळी आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगितलं होतं. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ साली वारलेले. कोटितीर्थ तळ्याच्या परिसराची त्यांनी निसर्गचित्रं केली. त्या वयात मला चित्रांपेक्षा नावाचंच जास्त अप्रूप वाटलं होतं. आमच्या नात्यात काहीजण चित्र म्हटलं की नाक मुरडायचे, सजीवांची चित्रं काढू नयेत म्हणायचे. आणि इथं आपल्याच नावासारखं नाव असलेला माणूस, तोही शंभर वर्षांपूर्वीचा, तळ्याचं पाणी रंगवत बसलेला. मी घरी येऊन पहिल्यांदा सिद्धेश्वर तलाव रंगवला. पाणी जमलं नाही, पण काढायचं थांबवलं नाही.

आता टॅबलेटचं. जलरंगाला दिवसाचा उजेड लागतो, आणि माझा दिवस शाळेचा. मला वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर. ट्यूबलाइटखाली लावलेला पिवळा सकाळी वेगळाच दिसतो. टॅबलेटला या गोष्टीची पर्वा नाही. दुसरं, बदल. मागच्या एका पुस्तिकेत सगळं रंगवून झाल्यावर संपादकबाईंनी मुलीचा फ्रॉक बदलायला सांगितला, कारण मागच्या भिंतीत तो हरवत होता. त्यांचं बरोबर होतं. पण जलरंगात फ्रॉक बदलत नाही, चित्र बदलावं लागतं. मी ती चार पानं पुन्हा रंगवली. टॅबलेटवर माणूस एका थरावर, भिंत दुसऱ्या थरावर, त्यामुळे ते काम पाच मिनिटांचं.

तिसरी गोष्ट छपाईची, ती नवख्या लोकांच्या लक्षात येत नाही. जलरंगाचे अगदी फिके थर स्कॅनरला नीट दिसत नाहीत. ज्या फिकट गुलाबीसाठी जीव टाकला, ती पुस्तकात कोरी येते. टॅबलेटची फसवणूक उलट आहे. पडदा आतून उजळलेला असतो, त्यामुळे निळा रंग झगमगतो, आणि छापखान्याच्या चार शाईंतून तोच निळा मळका होऊन येतो. दोन्हीकडे नुकसान आहे, फक्त ते आधी माहीत असलं पाहिजे.

इतकं सगळं मला माहीत होतं. मग महिना का लागला?

कारण अब्बा. माझे वडील कातिब होते. कातिब म्हणजे उर्दू मजकूर छपाईसाठी हातानं लिहून देणारा माणूस. नस्तालीक लिपीत अक्षरं एकमेकांत गुंफत तिरकी उतरतात, जुन्या छापखान्याच्या खिळ्यांना ते कधी नीट जमलं नाही. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून छापली जात असताना उर्दू वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका कातिब हातानं लिहीत. अब्बा बोरूला तिरका छेद द्यायचे, त्याला 'कत' म्हणतात. त्या बोरूच्या टोकानं उमटलेला चौकोनी ठिपका म्हणजे नुक्ता, आणि अक्षराची उंची-रुंदी त्या नुक्त्यांनी मोजायची. अलिफ किती नुक्त्यांचा, बे किती नुक्त्यांचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. चूक झाली की ब्लेडनं अलगद खरवडायचं आणि त्यावर पुन्हा लिहायचं.

१९८१ साली पाकिस्तानात 'जंग' हे वर्तमानपत्र नूरी नस्तालीक वापरून संगणकावर निघू लागलं. १९९४ मध्ये आपल्याकडे भारतात इनपेज हे सॉफ्टवेअर आलं. काही वर्षांत अब्बा ज्या छापखान्यात जात होते तिथं संगणक आला, आणि त्याच्यासमोर एक विशीतला मुलगा बसला. अब्बांना कुणी काढलं नाही. फक्त काम बोलावून द्यायचं थांबलं. ते रोज सकाळी कलमदान पुसायचे आणि परत ठेवायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे त्यांनी किराणा दुकानात हिशेब लिहिले, घरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. संगणकाबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, पण त्याबद्दल बोललेही नाहीत.

त्यामुळे टॅबलेटवर चित्र काढताना अब्बा खोलीत आले की मी तो उपडा ठेवायचे. पन्नाशीकडे झुकलेली बाई, चोरून पान खाणाऱ्या पोरासारखी! माझ्या मनात जलरंग म्हणजे अब्बांची बाजू आणि टॅबलेट म्हणजे त्या विशीतल्या मुलाची बाजू, असं कधी होऊन बसलं मलाच कळलं नाही. म्हणजे प्रश्न कोणती शैली चांगली हा राहिलाच नव्हता.

शेवटी एक चित्र दोन्ही पद्धतींनी करून पाहायचं ठरवलं. मुलगी डबा घेऊन पोचली आहे, वडील तिला शेजारी बसवून भाकरीचा घास देतात आणि ती खाते, हे चित्र. जलरंगातलं सुंदर झालं, हे मी आपणहून सांगते. पण मग उर्दू पुस्तिकेची अडचण समोर आली.

मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे जातं. त्यात मुलगी उजवीकडे चालली की ती पुढच्या पानाकडे, म्हणजे अब्बांकडे चालते. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं आणि डावीकडे जातं. तेच चित्र तसंच ठेवलं तर मुलगी वाचून झालेल्या पानांकडे, म्हणजे परत घरी निघाल्यासारखी दिसते. म्हणून उर्दूसाठी चित्र आरशासारखं उलटवावं लागतं. मी जलरंगातलं चित्र स्कॅन करून उलटवलं आणि शाळा सुरू झाल्यावर त्याची प्रिंट पाचवीच्या वर्गात नेली. एका मुलीनं लगेच विचारलं, "टीचर, ये डावे हात से क्यूं खा रई?"

उलटवल्यावर उजवा हात डावा झाला होता. आपल्या घरांत घास उजव्या हातानंच घ्यायचा हे मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. वर्गात हशा पिकला. माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा आहे, तो खाली मान घालून बसला. तो लिहितो डाव्या हातानं आणि जेवतो उजव्या हातानं, आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्याकडे बघत असतं. मी त्यांना चित्र कसं उलटतं ते समजावलं, फळ्यावर काढून दाखवलं. तोच मुलगा मग उठून म्हणाला, "टीचर, दादीचा पदरपण उलटा आहे." खरंच, खिडकीतून बघणाऱ्या दादीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता. आणि मागची दुकानाची पाटी कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हती.

त्या संध्याकाळी मी टॅबलेट उपडा ठेवला नाही. अब्बांना दोन्ही चित्रं दाखवली आणि अडचण सांगितली. त्यांचं वय आता ७६, हात थरथरतो, पण नजर पक्की आहे. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले (आमची दखनी मी मराठीत लिहिते), "बेटा, नूरी नस्तालीकची अक्षरं कुठून आली माहीत आहे? मिर्झा अहमद जमील खत्तात होते. वीस हजारांच्या आसपास जोडाक्षरं हातानं तयार झाली, तेव्हा कुठं मशीनला लिहिता आलं. ते मशीनसुद्धा कातिबाच्याच हातचं आहे."

मी विचारलं, "मग तुम्हाला राग नाही आला कधी?"

"आला ना. मशीनचा नाही आला. पंधरा वर्षं त्या छापखान्यात लिहिलं, पण इथं बस, शिकून घे, असं मला एकानंही म्हटलं नाही. अक्षर कुठं बसतं ते मला माहीत होतं. त्या पोराला बटण माहीत होतं. दोघांना शेजारी बसवायला काय झालं होतं?"

इतकी वर्षं मी त्यांच्या वतीनं टॅबलेटवर रुसून बसले होते, आणि त्यांचं दुःख भलतंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांना कळवलं. आकाश, भिंती, मागाची खोली, रुई, ऊन, हे सगळं कागदावर जलरंगात करून स्कॅन केलं. यातलं बहुतेक उलटवलं तरी बिघडत नाही, उन्हाला डावं-उजवं नसतं. माणसं, हात, पदर, पाट्या टॅबलेटवर वेगळ्या थरांत काढल्या. उर्दूसाठी मुलगी उलटवली, पण घासाचा हात पुन्हा उजवा काढला. फिके थर स्कॅनमध्ये हरवतात म्हणून कागदावर रंग नेहमीपेक्षा एक पायरी गडद ठेवले.

यात काही गमावलंही. जलरंगात माणसाची कड ओल्या पार्श्वभूमीत थोडी मिसळते, तो तिथलाच वाटतो. माझी माणसं नीट पाहिलं तर चित्रावर ठेवल्यासारखी दिसतात. एकाच पुस्तिकेचं काम असतं तर मी पूर्ण जलरंगच निवडला असता. दोन लिप्यांतल्या मुलांना एकच गोष्ट द्यायची होती, म्हणून हे निवडलं.

नववीतली एक विद्यार्थिनी छान चित्रं काढते. तिनं मला हाच प्रश्न विचारला, "टीचर, रंग घेऊ की मोबाइलवर शिकू?" तिच्या घरी एकच मोबाइल आहे, तोही भावाच्या हातात. मी तिला शाळेची रंगपेटी आणि कागद दिले, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर माझा टॅबलेट देते. उजेड कुठं सोडायचा हे ती कागदावर शिकतेय, कारण तिथं चूक पुसता येत नाही. आणि बटणंही शिकतेय. दोन्हीसाठी तिला कुणीतरी "इथं बस" म्हटलं पाहिजे, एवढंच मी पाहते.

उर्दू पुस्तिकेचं नाव अब्बांनी लिहिलं. कितीतरी वर्षांनी बोरूला कत दिला, नुक्ते मोजले. अलिफ खाली येताना थरथरला आणि रेघ वाकडी गेली. मी ते स्कॅन केलं. भाचा म्हणाला, रेघ सरळ करून देतो. मी म्हटलं, अजिबात नाही, हा अब्बांचा हात आहे, राहू दे तसाच.

अब्बा चष्मा लावून पडद्याजवळ आले. म्हणाले, "साफ कर रे. पूर्वी मी ब्लेडनं करायचो. मुलांना नीट वाचता आलं पाहिजे."

भाच्यानं रेघ सरळ केली. अब्बा मागे उभे राहून सांगत होते, अजून अर्धा नुक्ता वर.