लंडन ते मालेगाव

लेक लंडनला असली की अंतरं पाठ होतात. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. १९४८ साली एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत गेलं. आता थेट विमानं आहेत. तिकडून येताना साधारण नऊ तास, जाताना जास्त, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. म्हणजे माहेरची वाट तेवढीच जवळची!

पुढे मुंबई-मालेगाव २८० किलोमीटर, नाशिकमार्गे पाच-सहा तास. तिकीट, विमानतळ धरून दारात यायला दीड दिवस. आपल्याकडे अंत्यविधी इतका थांबत नाही. घरात सांगून ठेवलंय, माझ्या वेळी तिच्यासाठी थांबू नका. तिला म्हटलं, "यायचं तर दिवाळीत ये, बोलायला मी असेन."