जर्सी सिटीत एकच टॅक्स रिटर्न दोनदा

अमेरिकेत आयकराचे एकच रिटर्न चुकून दोनदा भरले जाते, ते बहुतेक वेळा एकदा ऑनलाइन आणि एकदा टपालाने. दोन्ही वेळा ऑनलाइन भरायचे म्हटले तरी जमत नाही. एखाद्या सोशल सिक्युरिटी नंबरावर त्या वर्षाचे ऑनलाइन रिटर्न आधीच स्वीकारलेले असेल, तर आयआरएसची, म्हणजे केंद्रीय करखात्याची, यंत्रणा दुसरे परत धाडते आणि सोबत ‘आर००००-९०२-०१’ हा नकाराचा कोड येतो. कागदी रिटर्नला असा दरवान नाही. पाकीट घेतले जाते, आणि ते दुसरे आहे हे नोंदणीच्या वेळी उघड होते.

जर्सी सिटीत राहून हडसन नदीपलीकडे मॅनहॅटनला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या घरी हा गोंधळ सहज होतो. त्यांना एकाच पगारावर तीन रिटर्न रीतसर भरावी लागतात: केंद्राचे १०४०, न्यूयॉर्कचे अनिवासींसाठीचे आयटी-२०३ आणि न्यू जर्सीचे एनजे-१०४०. न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सी देते, पण रिटर्न चुकत नाही. (पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा पगारापुरता परस्पर करार आहे, न्यूयॉर्कशी नाही.) सॉफ्टवेअरमधून तिन्ही निघाली, की एक स्वीकारल्याचा आणि दुसरे नाकारल्याचा ईमेल येतो. कोणते राहिले हे नीट न पाहता सगळाच गठ्ठा छापून टपालात टाकला जातो.

नव्याने आलेल्यांची अडचण आणखी वेगळी असते. ऑनलाइन सहीसाठी मागच्या वर्षीच्या उत्पन्नाचा आकडा मागतात. पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्याने तिथे शून्य लिहायचे असते. भलताच आकडा घातला तर रिटर्न परत येते. परत आलेले रिटर्न भरलेले धरत नाहीत, म्हणून कागदी प्रत पाठवणे तोवर बरोबरच असते. मग घरातले दुसरे कोणी आकडा दुरुस्त करून पुन्हा ऑनलाइन पाठवते आणि ते स्वीकारलेही जाते. एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तर आयटीआयएन या पर्यायी कर-क्रमांकासाठी डब्ल्यू-७ अर्ज सहसा कागदी रिटर्नलाच जोडावा लागतो. आधी एकट्याच्या नावाने ऑनलाइन भरून मग दोघांचे मिळून कागदी पाठवले, की तेही दुसरेच रिटर्न ठरते.

दुसरे रिटर्न पोचले, की करदात्याच्या खात्याच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे आयआरएसकडच्या नोंदींच्या उताऱ्यावर, ९७६ हा कोड उमटतो. पहिल्याचा कोड १५०. त्यानंतर दोन्ही ताडून पाहावी लागतात. आकडे तेच असतील तर सहसा कर बदलत नाही, मात्र रिफंड तोवर निघाला नसेल तर अडकू शकतो. एकाच नंबरावर दोन रिटर्न ही ओळखचोरीचीही खूण असल्याने कधीकधी ओळख पटवण्याचे पत्र येते. दोन रिफंड मिळतील ही आशा व्यर्थ. जादा आलाच तर तो परत करावा लागतो. कागदी प्रतीला चेक जोडला आणि ऑनलाइन रिटर्नमधूनही बँकेतून रक्कम गेली, तर मात्र कर खरोखर दोनदा भरला जातो. जादा रक्कम यथावकाश परत मिळते.

या चुकीचे मूळ बहुधा कागदावरच्या शांततेत असते. ऑनलाइन रिटर्नची पोच लगेच मिळते, टपालाने गेलेल्याची आठवडेच्या आठवडे नाही. २०२०मध्ये साथीमुळे कार्यालये बंद पडून टपाल साचले, तेव्हा आयआरएसलाच सांगावे लागले की कृपया दुसरी प्रत पाठवू नका. वाट पाहून कंटाळलेल्यांना हा सल्ला पचणे कठीण होते, पण तो योग्य होता: प्रत्येक जादा प्रतीने ढीग वाढतच होता.

दोन्ही प्रती सारख्याच असतील तर काही भरायचे नसते. ट्रान्सक्रिप्ट पाहत राहावे आणि पत्र आलेच तर मुदतीत उत्तर द्यावे. खुलाशासाठी तिसरी प्रत पाठवणे हा सर्वांत वाईट उपाय. आकडे वेगळे असतील तर तारखेला महत्त्व येते. मुदतीच्या आत, म्हणजे एरवी १५ एप्रिलपर्यंत, भरलेले दुसरे रिटर्न पहिल्याची जागा घेऊ शकते. मुदत उलटल्यावर दुरुस्तीसाठी १०४०-एक्स हा वेगळा फॉर्म आहे. त्याला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, कधी १६. राज्यांच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती हवी असेल, तर ती न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

भारतातून आलेल्याला पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे येत असेल, तर भारतातले रिटर्नही यात येते. तिथे चूक सुधारण्यासाठी सुधारित विवरणपत्र आहे, आणि ते भरताना आधीच्या विवरणपत्राचा पोचक्रमांक द्यावा लागतो.