तऱ्हाळ्याची नाणी

वऱ्हाडात फिरायला निघालेला माणूस शेगावला जातो, कारंज्याला जातो, फार तर लोणारचे सरोवर पाहून परततो. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिकडे गेलो. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे विचाराल तर खरे उत्तर ‘काही नाही’ हेच. तूर उभी होती, कपाशी फुटली होती, आणि पारावरच्या मंडळींनी आग्रहाने चहा पाजला. एवढेच!

पण याच गावी १९३९ साली सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यात सोने नव्हते, रुपे नव्हते. तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची ही नाणी. जाणकार त्या धातूला पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे. हत्तीभोवती ब्राह्मी लिपीतली प्राकृत अक्षरे. पण नाणे ठशापेक्षा लहान, त्यामुळे निम्मी अक्षरे काठाबाहेर गेलेली. एका नाण्यावर राजाच्या नावाचा आरंभ, दुसऱ्यावर शेवट. सुटे नाणे मुकेच राहते. सारी एका जागी राहिली म्हणूनच नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांना ती एकमेकांशी ताडून वाचता आली. त्यांतून कुंभ, कर्ण आणि शक अशा तीन शातकर्णींची नावे पुढे आली. पुराणांतल्या राजांच्या यादीत ही नावे नाहीत! व्यासांच्या नावावर खपलेल्या ग्रंथांना जे ठाऊक नव्हते ते एका मडक्याएवढ्या ठेव्याने सांगितले, याचे मराठीच्या मास्तराला कौतुक वाटले तर नवल नाही.

योगायोग असा की त्याच १९३९ साली वाशीम गावी वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपटही उजेडात आला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. पूर्वज थोर दिसावेत म्हणून संस्कृत, आणि जमिनीच्या व्यवहारात घोटाळा नको म्हणून लोकांच्या समजुतीची भाषा, असे आपले मला वाटते. त्यातले सर्वसेनाचे नाव वाचल्यावर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या पुसट लेखाचे जुने वाचनही सुधारता आले.

माझा एक भाचा परदेशात असतो. त्याला जुगारखान्यांतल्या जुन्या चकत्या जमवण्याचा नाद आहे. बंद पडलेल्या जुगारखान्याची चकती म्हणजे त्याला कौस्तुभमणी! चकतीवर जुगारखान्याचे नाव आणि गाव छापलेले असते, त्यामुळे तिचे कुळ शोधणे सोपे. ‘मामा, तुमच्या तिकडचे एखादे हत्तीचे नाणे मिळाले तर पाहा,’ असे त्याने कळवले होते.

म्हणून परतताना एका शहरातल्या नाणेविक्याकडे डोकावलो. त्याच्या पेटीत हत्तीची नाणी ढिगाने होती. वरच्या चिठ्ठीवर एकच शब्द: ‘वऱ्हाड’. कुठल्या गावची, कुणाच्या शेतातली, सोबत आणखी किती होती, असे मी विचारले. तो हसला. ‘साहेब, माल पाहा ना!’ जमिनीत ठेवा सापडला तर सरकारला कळवावे, असा कायदा १८७८ सालचा आहे. तो त्याच्या पेटीपर्यंत पोचलेला दिसला नाही. ओळीने मांडली असती तर त्या ढिगातूनही एखादा चौथा अज्ञात शातकर्णी निघाला असता. पण वेगवेगळ्या साठ्यांतली, वेगवेगळ्या हातांनी विकलेली ती नाणी आता कुणाशी ताडायची?

मी नाणे घेतले नाही. भाच्याला मिराशींच्या लेखाच्या छायाप्रती पाठवल्या. त्याने उलट विचारले, ‘मग ते तीन राजे कुठल्या क्रमाने बसले?’ त्यावर पंडितांत अजून वाद आहे, असे मी त्याला लिहिले आहे.