एका अंकाची दोन मुखपृष्ठं

मुखपृष्ठ उलटावं आणि आत पुन्हा तेच मुखपृष्ठ निघावं. तोच नायक, तीच उडी, तीच बारा सेंटची किंमत, कोपऱ्यात कॉमिक्स कोडच्या मंजुरीची तीच छोटी मोहोर. रंग मात्र निराळे. बाहेरचा लाल विटकरी होऊन गेलेला आणि आतला इतका ताजा की बोट लावायला मन धजत नाही.

अमेरिकेतली जुनी कॉमिक्स जमवणारे याला सरळ ‘डबल कव्हर’ म्हणतात. आतले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, नेहमीसारखेच असतात, कथाही एकदाच येते. वरचं तुकतुकीत कव्हर तेवढं बांधणीत चुकून दोनदा लागतं. कव्हरची चार पानं आठ होतात. आतल्या बाजूला चार्ल्स ॲटलसच्या व्यायामाची जाहिरात असेल तर तीही दोनदा येते. मी गेली कित्येक वर्षं असेच अंक शोधतो. १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक किंवा स्पायडरमॅन जिच्यात प्रथम अवतरला ती १९६२ ची ‘अमेझिंग फँटसी’ यांच्यामागे धावणाऱ्यांचं जग वेगळं आहे, तिथे पैसा बोलतो. माझ्या कपाटात घोडेस्वारांच्या गोष्टी आहेत, प्रेमकथा आहेत, बोलणारी बदकं आहेत. अंक कोणता याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व. तो बांधला कसा गेला, ते मला वाचायचं असतं.

ही आवड घरातून आली. पुण्यात आमचा बाइंडिंगचा छोटा कारखाना होता. दिवाळी अंकांच्या हंगामात तिथे बसायला जागा नसे. बांधून आलेल्या प्रतींच्या ढिगावरून आमचे अण्णा अंगठा फिरवत जायचे आणि मधेच थांबून एखादी प्रत ओढून काढायचे. तिच्यात हमखास फर्मा कमी किंवा जास्त निघे. त्याच काळात मी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून वाचत होतो, पण अंक हातात आला की आधी त्याची पाठ बघायची सवय अण्णांची. आता सेंट लुईसला राहतो, आणि शनिवारी कुणाच्या जुन्या घरातलं सामान विकायला काढलं असेल तिथे जाऊन कॉमिक्सच्या खोक्यावरून तसाच अंगठा फिरवतो. वरच्या कडेकडे नीट बघितलं तर मळकट पिवळ्या पानांच्या पुढे आणि मागे कव्हराची एकेक पांढरी रेघ दिसते. डबल कव्हरला या रेघा दोन-दोन असतात. विकणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ता नसतो. मी त्याला सांगतो आणि मगच भाव विचारतो.

चूक होते कुठे, हे समजायला यंत्र डोळ्यांपुढे आणावं लागतं. आतली पानं स्वस्त न्यूजप्रिंटवर रोटरी यंत्रावर छापली जात. कव्हर जाड, चकचकीत कागदावर वेगळं छापून यायचं. बांधणीच्या यंत्रावर एक लांब साखळी फिरत असते. तिच्यावर एकेक फर्मा मधोमध उघडून टाकला जातो, एकावर दुसरा बसतो आणि सगळ्यात शेवटी वरून कव्हर पडतं. कव्हरांच्या थप्पीतून एका वेळी एकच कव्हर उचललं जावं अशी योजना असते. पण कागदात स्थिर वीज असली, शाई पुरती वाळलेली नसली किंवा हवेत दमटपणा असला की दोन कव्हरं एकमेकांना धरून बसतात आणि जोडीनेच खाली येतात. पुढे रिळातून येणारी तार दोन ठिकाणी टोचते, मधल्या पानावर तिचे पाय वळतात, आणि शेवटी तीन बाजूंची कटाई होते. म्हणजे दोन्ही कव्हरं एकाच तारेने शिवली जातात आणि एकाच पात्याखाली कापली जातात. जाडी मोजून असा अंक बाहेर टाकणारी सोय यंत्रावर असू शकते, पण ती सैल लावलेली असली तर एका कव्हराचा फरक तिला कळत नाही.

माझ्या घरापासून मोटारीने तासाभरावर स्पार्टा नावाचं गाव आहे, इलिनॉयच्या दक्षिण भागात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कॉमिक्सचा फार मोठा हिस्सा या गावातल्या वर्ल्ड कलर प्रेसच्या कारखान्यात छापला गेला. सुपरमॅनचे अंक न्यूयॉर्कमध्ये रचले गेले आणि शाईत उतरले ते या शेतीवाडीच्या मुलखात. (सिनेमाची आवड असणाऱ्यांना हे गाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल: सिडनी प्वातियेचा १९६७ चा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ बराचसा इथे चित्रित झाला.) मी तिथे गेलो की उगाच रस्ते धुंडाळत नाही. त्या कारखान्यात काम केलेल्या माणसांशी बोलायला मिळालं तर कव्हर लावणाऱ्या टोकाला कोण उभं असायचं, एवढंच विचारतो.

त्या काळचे आकडे लक्षात घेतले तर ही चूक घडण्याचं नवल वाटत नाही. १९६० साली ‘अंकल स्क्रूज’ या एकाच नियतकालिकाचा सरासरी खप दहा लाखांच्या वर होता. साध्या अंकाच्याही लाखांनी प्रती निघत. एवढ्या प्रतींत काही जोडकव्हरं सुटणारच. नवल आहे ते ती टिकल्याचं. बाहेरचं कव्हर थोडं फाटलं की मुलं ते ओढून काढत आणि आतलं कोरं कव्हर मिरवत. विक्रेत्यांचीही एक रीत होती. न विकलेला अंक परत पाठवण्याऐवजी कव्हराची नावाची वरची पट्टी फाडून पाठवायची आणि पैसे वळते करून घ्यायचे. उरलेला अंक खरं तर नष्ट व्हायला हवा, पण तो पुष्कळदा फुकट किंवा निम्म्या भावात मुलांकडे जाई. म्हणून जुन्या बाजारात कव्हर नसलेले आणि पट्टी गेलेले अंक खोक्यांनी सापडतात. दोन कव्हरं शाबूत असलेला अंक या सगळ्यातून वाचून आलेला असतो.

आता बाहेरचं कव्हर वाचू. त्यावर विक्रेत्याने अंक आला त्या दिवशी मारलेला तारखेचा शिक्का असतो किंवा पेन्सिलीने खरडलेली तारीख. मुलाचं नाव असतं. दुकानात अंक एकावर एक सरकवून ठेवले असतील तर उघड्या राहिलेल्या कडेवर उन्हाने फिका पडलेला पट्टा असतो. तार गंजली असेल तर तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ असतं. आतलं कव्हर यांतल्या कशालाच सामोरं गेलेलं नाही. त्याच्यावर शाई यंत्रातून उतरली तशी दिसते. जुन्या कॉमिक्सचे रंग मुळात कसे होते याची खात्रीची साक्ष देणाऱ्या वस्तू थोड्या आहेत, त्यांत मी या आतल्या कव्हरांना फार वर ठेवतो. आज जो जांभळा आपल्याला राखाडी वाटतो, तो छापला तेव्हा कसा होता, हे दोन्ही शेजारी धरून बघता येतं. आणि तो बघताना हेही कळतं की त्या काळच्या रंगकामाला आपण उगाच भडक म्हणतो. त्यात फार विचारपूर्वक केलेले निर्णय आहेत.

कव्हराच्या आतल्या बाजूची गंमत मला उशिरा उमगली. न्यूजप्रिंटमधलं आम्ल हळूहळू शेजारच्या कागदात उतरतं आणि त्याला पिवळा, मग तपकिरी करतं. डबल कव्हरमध्ये न्यूजप्रिंटला चिकटून असतं ते आतलं कव्हर. बाहेरच्या कव्हराच्या आतल्या बाजूला शेजारी मिळतो तो चकचकीत कागदाचा. त्यामुळे पुढून जीर्ण झालेलं बाहेरचं कव्हर आतून बऱ्याचदा जास्त पांढरं असतं, आणि पुढून झळझळीत असलेलं आतलं कव्हर मागून पिवळं पडलेलं. अस्सल जोडी ओळखायला मी आधी हेच बघतो. बाहेरच्या कव्हराची आतली बाजू जर चांगलीच तपकिरी असेल, तर ते कव्हर आधी कुठल्या तरी दुसऱ्या अंकाच्या पानांवर नांदलेलं आहे.

कारण बनावट जोड्या बाजारात येतात. सुटं कव्हर मिळवायचं, तारेचे पाय सरळ करायचे, ते वरून चढवायचं आणि पाय पुन्हा मिटायचे. अमेरिकेत याला कव्हरचं ‘लग्न लावणं’ म्हणतात. हे पकडायला चांगला उजेड आणि सावकाशपणा लागतो. तारेच्या भोकांचा दोन्ही कव्हरांना एकेकच संच हवा आणि भोकं एकमेकांवर तंतोतंत यायला हवीत. आतल्या कव्हराच्या घडीवर तारेचा थेट ठसा किंवा गंजाची रेघ दिसली तर ते कधीतरी बाहेरचं कव्हर होतं. तारेचे पाय एकदा उघडून मिटले की पहिल्या वळणाशेजारी दुसरं वळण राहतंच. कडा सगळ्या एका रेषेत हव्यात, कारण पातं एकच होतं. उलट आतलं चित्र बाहेरच्यापेक्षा किंचित वर किंवा खाली सरकलेलं असलं तर मी खूश होतो, कारण यंत्रात दोन कव्हरं जोडीने पडताना जराशी घसरतात. काही वितरक गठ्ठ्यांच्या कडांवर रंगाचा फवारा मारत. तो रंग दोन्ही कव्हरांच्या कडांवर सलग गेलेला मिळाला की अंक दुकानात पोचण्याआधीपासून जोडीने आहे हे पक्कं झालं.

बाजाराने या चुकीला दोष मानलेलं नाही. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचं किमतींचं मार्गदर्शक १९७० पासून निघतं, आणि तेही असंच सांगतं. २००० साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली. ती अंक तपासून दहापैकी गुण देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून पाठवते. डबल कव्हर असेल तर गुण आतल्या कव्हराच्या अवस्थेवर ठरतात आणि बाहेरच्याची अवस्था लेबलवर वेगळी नोंदवतात. गुणांचा हिशेब मला पटतो. पेटी पटत नाही. त्या पेटीतून दिसतं फक्त बाहेरचं कव्हर. ज्याच्यासाठी अंक निराळा ठरला ते आतलं कव्हर आता कुणीही उघडून बघू शकत नाही, लेबलवर विश्वास ठेवायचा. लाखांच्या व्यवहारात खरेदीदाराला अशी हमी लागते हे मला मान्य आहे. माझ्याकडच्या साध्या अंकांना ती नको. ते मायलरच्या पिशवीत, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा लावून, अंधारात ठेवलेले असतात, आणि कुणी अभ्यासू माणूस आला की स्वच्छ हातांनी उघडले जातात.

सगळ्यात जास्त वाद होतो तो बाहेरच्या कव्हरावरून. कव्हर गेलेली प्रत जवळ असलेला संग्राहक मला अगदी मनापासून विचारतो की तुमच्याकडे दोन आहेत, वरचं मला द्या, माझा अंक पुरा होईल आणि तुमचा अंक कोरा दिसेल. दोघांचा फायदा, असा त्याचा हिशेब. मी देत नाही. त्या अंकाची तार एकदाच टोचली गेली आहे. ती उघडली की भोकं, घडी, कडांवरचा रंग, आतल्या बाजूचा पांढरेपणा या सगळ्या खुणांचा एकमेकींशी असलेला संबंध तुटतो. माझ्या हातात एक चांगल्या अवस्थेतली साधी प्रत उरेल आणि त्याच्याकडे एक ‘लग्न लावलेली’. दोन कव्हरं एकत्र उचलली गेली त्या क्षणाचा एकमेव पुरावा मात्र कायमचा जाईल, आणि अशा क्षणांची कारखान्यात कुणी नोंद ठेवत नसे.

म्हणून मी आता प्रत्येक अंकाच्या पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने नोंद लिहितो: बाहेरच्या कव्हराची अवस्था, आतल्याची अवस्था, चित्र किती सरकलेलं आहे, तार न उघडलेली. माझ्यानंतर हे खोकं ज्याच्याकडे जाईल त्याला कव्हर विकायचं असेल तर तो विकेल, पण पिशवी उघडताना ही ओळ त्याला वाचावी लागेल.