करबुडे बोगद्यातली पाच मिनिटं

मडगावहून मुंबईला जाताना रेंज कुठे जाते, हे मला आता पाठ झालंय. रत्नागिरी सुटली, भोके मागे पडलं, की करबुडे बोगदा. लांबी ६.५ किलोमीटर. गाडी ताशी ८०ने गेली तरी पाच मिनिटं फोन मुका.

दोष नुसता टॉवरचा नाही. डोंगराचा दगड लहरी अडवतो आणि एसी डब्याचा पत्रा उरलेल्या खातो. म्हणून मी दाराशी जाऊन उभा राहतो (आईला सांगू नका). यावर इलाज आहे: बोगद्याच्या भिंतीवरून बारीक फटी ठेवलेली केबल न्यायची, तिच्यातून सिग्नल वाटभर झिरपतो. मेट्रोच्या भुयारांत हेच करतात. स्टेशनांवर २०१६ पासून फुकट वायफाय यायला लागलं, छानच. पण गाडी सुटली की ते संपलं. माझ्या मते आधी बोगदे, मग पिक्चर.

मावशी केमोसाठी रात्रीच्या गाडीने एकटीच परळला जाते. धाप लागली तर १३९ फिरवायलासुद्धा रेंज लागते. परवा म्हणाली, “बोगद्यात फोन लागला नाही तर घाबरू नकोस रे, उक्षी आलं की मीच करते.”