वीस खटके

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात सप्टेंबरच्या आरंभी कैलपोढ हा शस्त्रपूजेचा सण येतो. भातलावणी उरकलेली असते, पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो. घरोघरी बंदुका पुसून, कळलावीच्या फुलांनी सजवून पूजेला मांडतात आणि पूजेनंतर नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. कोडव समाजाला शस्त्रपरवान्यातून मिळालेली सूट ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. त्यामुळे इथल्या घरांत बंदूक ही शेतीच्या अवजारांइतकीच परिचयाची वस्तू असते.

अशाच एका कॉफीच्या मळ्यावर, सणाच्या आठवडाभर आधी, .२२ रायफलीवर एक नवी दुर्बीण बसली. मळ्याचे मालक तोफखान्यातून निवृत्त झालेले. साध्या नेमपट्टीने नेम धरायचा तर डोळ्याला मागची खाच, पुढचा काटा आणि दूरचे लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवरची चित्रे एकदम सांभाळावी लागतात. तरुण डोळा हे निभावून नेतो. वयानुसार डोळ्यातले भिंग ताठर होते आणि तिघांपैकी दोन चित्रे धुरकट होतात. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाच्या छेदरेषा एकाच प्रतलात दिसतात. डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावे लागते. स्पर्धेत नसली तरी मळ्यामागच्या ५० मीटरच्या सरावाला ती चालणार होती.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत लेसरवर काम करणारा त्यांचा भाचा सणाला घरी आला, तेव्हा मामा वैतागलेले होते. दुर्बिणीच्या माथ्यावरचा टरेट, म्हणजे नेम वर-खाली करणारी गोल कळ, फिरवली की खटके स्पष्ट ऐकू येत होते. गोळ्या मात्र त्या खटक्यांचे ऐकत नव्हत्या.

हिशेब सोपा होता. या टरेटचा एक खटका म्हणजे पाव कोनीय मिनिट. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात त्यालाच कला म्हणत. एक कला १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरते, म्हणून ५० मीटरवर एका खटक्याने गोळी सुमारे ३.६ मिलिमीटर सरकायला हवी आणि वीस खटक्यांनी ७३. मामांनी वीस खटके वर दिले तेव्हा पहिली गोळी जेमतेम ५० मिलिमीटर वर लागली. काहीही न फिरवता झाडलेली दुसरी आणखी वर गेली, तिसरी त्याहूनही वर. विक्रेत्याने फोनवर सांगितले होते, ‘पन्नासेक गोळ्या झाडा, आपोआप बसेल.’

भाच्याने प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट काढून बाजूला ठेवला. दोष दुर्बिणीत आहे हे ठरवण्याआधी बाकीच्या गोष्टी निर्दोष आहेत का, हे पाहायला हवे होते. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा सैल असतील तर गोळ्या इतस्ततः जातील. अति आवळलेल्या असतील तर नळी दाबली जाऊन आतला भाग अडकेल. त्याने रिंगांचे स्क्रू सोडून नेमक्या ताकदीने पुन्हा बसवले. टरेटची टोपी आतल्या दांड्यावर बारीक स्क्रूंनी घट्ट केलेली असते. ते स्क्रू ढिले असतील तर टोपी फिरते, खटके वाजतात आणि दांडा जागेवरच राहतो. त्याने टोपी आणि दांडा यांवरून पेन्सिलीची एक रेघ ओढली. वीस खटक्यांनंतरही रेघ अखंड होती. डावी-उजवीकडची कळ अगदी टोकाला नेलेली असेल तर गोल नळीत वर-खाली सरकायला जागा उरत नाही. तीही मध्यावर आणली. दोष होता तिथेच राहिला.

आता प्रश्न गोळीविना विचारायचा होता. रायफल लाकडी साच्यात घट्ट आवळली. ५० मीटरवर, सेंटिमीटरच्या ठळक चौकटी आखलेला मोठा कागद लावला. बंदुकीला हातही न लावता फक्त टरेट फिरवायचा आणि छेदरेषा कागदावर कुठे सरकते ते वाचायचे. झाडणाऱ्याचा श्वास, वारा, काडतुसांतला फरक, सगळे एका फटक्यात बाजूला झाले. नऊपट विवर्धनात साधारण दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक वाचता येत होता आणि तेवढे पुरेसे होते.

वीस खटके वर. सरकणे ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सहा खटके गहाळ. मग मामा पुढे झाले आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने त्यांनी टरेटवर हलकीच टिचकी मारली. छेदरेषा डोळ्यांदेखत उडी मारून ७२ वर जाऊन बसली.

‘जुन्या दुर्बिणींना अशी टिचकी लागायचीच,’ मामा म्हणाले.

वीस खटके खाली दिले, तेव्हा रेषा टिचकीवाचून मुकाट्याने शून्यावर परतली. पुन्हा वर, पुन्हा ५०. वर जाताना अडखळणे आणि खाली येताना मुळीच नाही, ही विषमता भाच्याला बोलकी वाटली.

दुर्बिणीच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिचे एक टोक टेकलेले आणि दुसरे किंचित हलू शकणारे. वरून टरेटचा स्क्रू तिला खाली दाबतो, समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला स्क्रूवर रेटून धरते. नेम खाली आणायचा तर स्क्रू आत जातो आणि नळीला ढकलतो. तिथे धातू धातूला रेटतो, चुकायला वाव नाही. नेम वर न्यायचा तर स्क्रू मागे सरतो आणि त्याच्यामागोमाग नळीला आणण्याचे काम एकट्या स्प्रिंगवर पडते. स्प्रिंग दुबळी असली किंवा नळी कुठे घासत असली, तर स्क्रू पुढच्या खटक्यावर जातो आणि नळी मागेच रेंगाळते. मग गोळीचा धक्का किंवा मुठीची टिचकी बसली की ती उरलेले अंतर तोडते. खटका वाजतो तो टोपीखालच्या दातेरी कड्यात. नळी हलली की नाही, हे त्याला ठाऊकच नसते.

भाच्याने दोन आलेख काढले, एक वर जातानाचा आणि एक खाली येतानाचा. दोघांच्या मध्ये पानासारखी एक पोकळी उमटली. चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासात पहिल्या वर्षालाच दिसणारा हा आकार, हिस्टेरेसिस. वस्तू आता कुठे आहे हे फक्त आजच्या आज्ञेवर ठरत नाही, ती कोणत्या वाटेने आली यावरही ठरते.

‘दुरुस्त होईपर्यंत एक करता येईल,’ मामा म्हणाले. ‘तीस वर जा आणि मग दहा खाली ये.’

भाच्याने तसे केले. रेषा ७३ च्या चौकटीजवळ थांबली, टिचकीवाचून. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. तोफेचा कोन लावताना शेवटचे फिरवणे नेहमी एकाच दिशेने करायचे, पुढे गेलास तर मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने ये, हा तोफखान्याचा दंडक त्यांच्या मनगटात मुरला होता. आट्यांमधली मोकळीक त्यामुळे नेहमी एकाच बाजूला जाते आणि चूक नाहीशी झाली नाही तरी स्थिर राहते. स्थिर चूक वजा करता येते.

भाचा त्या वाक्यापाशी थबकला. सण राहिला बाजूला, त्याच्या डोळ्यांसमोर बंगळुरूच्या तळघरातले एक टेबल उभे राहिले.

त्याच्या प्रयोगात लेसरच्या एका अतिसूक्ष्म झोताचे दोन भाग करून एकाला दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा पोहोचवतात. तो उशीर मिळवण्यासाठी एक आरसा सरकत्या पट्टीवर मागेपुढे नेतात. पट्टीला ढकलणारा स्क्रू, त्याच्यावर रेटून धरणारी स्प्रिंग आणि स्क्रू फिरवणारी मोटर. संगणक मोटरची पावले मोजतो. पट्टी खरोखर कुठे आहे, हे कोणीच मोजत नव्हते. वेळ वाचावा म्हणून आरसा पुढे जातानाही नोंदी घेत आणि मागे येतानाही; दोन्हींची सरासरी करून प्रणाली एकच आलेख साठवत असे. त्या आलेखात दोन शिखरे आली होती, १०० फेमटोसेकंदांच्या अंतराने. दोन शिखरांचा अर्थ लावणारा शोधनिबंध तयार होता. पहिले नाव होते तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे. तिचा तो पहिलाच निबंध.

एका फेमटोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो. १०० फेमटोसेकंद म्हणजे ३० मायक्रोमीटर. आरशाकडे जाण्याचा आणि परतण्याचा मार्ग दोन्ही बदलतात, म्हणून आरशाचे सरकणे त्याच्या निम्मे, १५ मायक्रोमीटर. जुन्या, झिजलेल्या स्क्रूमध्ये एवढी मोकळीक सहज असू शकते. हे गणित त्याने मळ्यातल्या त्याच आलेखाच्या मागच्या बाजूला केले.

सोमवारी त्याने विद्यार्थिनीला पुढे जातानाच्या आणि मागे येतानाच्या नोंदी वेगवेगळ्या मागितल्या. त्या नव्हत्याच, फक्त सरासरी शिल्लक होती. कारण ऐकून ती क्षणभर गप्प राहिली आणि मग लेसर सुरू करायला गेली. संध्याकाळपर्यंत दोन आलेख पडद्यावर होते. पुढे जाताना एक शिखर. मागे येताना एकच शिखर, १०० फेमटोसेकंद सरकलेले. दोघांची बेरीज केली की निबंधातली ती देखणी जोडी जशीच्या तशी उभी राहत होती.

तिने विचारले, ‘कोणाला कळले असते का?’

प्रश्न लबाडीचा नव्हता, थकव्याचा होता. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘कदाचित नसते’ असे होते आणि त्याने ते तसेच दिले. निबंध मागे ठेवला गेला. पुढचे तीन आठवडे साऱ्या नोंदी एकाच दिशेने पुन्हा घेण्यात गेले. जे उरले ते एका शिखराचे, आधीपेक्षा साधे आणि छोटे निष्कर्ष होते.

भारतातल्या मापनविज्ञानाच्या इतिहासात उपकरणापुढे असे थांबण्याचा एक मोठा प्रसंग आहे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ साली तंजावरला मंदिराच्या गोपुरावर चढवताना तो आदळला आणि त्याचे कोन मोजण्याचे मोठे वर्तुळ वाकडे झाले. नवे यंत्र विलायतेहून यायला कितीतरी महिने लागले असते आणि वाकड्या वर्तुळावरचे आकडे कामाचे नव्हते. लॅम्बटनने काम थांबवले, मोजक्या कारागिरांसह तो तंबूत बसला आणि सुमारे सहा आठवडे खपून त्याने ते वर्तुळ पुन्हा आकारात आणले. पुढे सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत राहिले. लॅम्बटन १८२३ साली, कामावर असतानाच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्या सर्वेक्षणाच्या मोठ्या थिओडोलाइटवर एकच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुन्हा पुन्हा मोजण्याची शिस्त होती. उपकरण निर्दोष नाही हे गृहीत धरूनच ती आखलेली होती.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला उपकरण हाती मिळते तेव्हा त्यावर आकडे कोरलेले असतात आणि कोरलेला आकडा मोजलेला वाटतो. वास्तविक टरेटवरचा आकडा आणि मोटरचे पाऊल या यंत्राला दिलेल्या आज्ञा आहेत. आज्ञा पाळली गेली की नाही, हे कळायला दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे लागते, कागदाच्या चौकटीवर. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचे आणि शून्य अजून शून्यावर आहे का, ते बघायचे. वाटेत मधल्या एखाद्या थांब्यावर दोन्ही बाजूंनी येऊन पाहायचे. मळ्यातल्या दुर्बिणीने शून्याची परीक्षा तर बिनचूक दिली होती. तिचा दोष वीसाव्या खटक्यावरच उघडा पडत होता.

दुर्बीण भाच्याने उघडली नाही. तिच्या नळीत ओलावा शिरू नये म्हणून नायट्रोजन भरून ती बंद केलेली असते; ते काम निर्मात्याचे. दोन्ही आलेख जोडून ती परत पाठवली. ‘आपोआप बसेल’ हे उत्तर पुन्हा आले नाही, बदली दुर्बीण आली. मामांनी ती बसवली, बोल्ट काढला, वीस खटके वर आणि वीस खाली केले आणि कागदावर तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आता नोंदींच्या प्रत्येक पानावर दोन स्तंभ असतात. त्यांची शीर्षके त्या विद्यार्थिनीने स्वतः घातली आहेत : ‘जाताना’ आणि ‘येताना’.