मोजके आणि ठाम

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके 1530, म्हणजे इ. स. 1608 मध्ये तेथे जन्मलेल्या या पुरुषाची वाक्ये आज जालन्याच्या मोंढ्यातही म्हणींसारखी वावरतात. ती कोणाची, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

‘दासबोध’ हा काही लहान ग्रंथ नव्हे. 20 दशक, 200 समास. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते ओवीच्या एखाद्या चरणात मावणारे बोल. दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांचा समास पाहावा. ओवीत एखाददुसरा दोष, आणि लगेच निकाल. ‘काही अंशी’, ‘एका दृष्टीने’ अशी पळवाट नाही. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हा ठामपणा किंचित खटकावा, हे स्वाभाविकच. मग लोकांनी तो इतकी शतके मानला कसा?

उत्तर पेढीवर सापडते. जुनी हुंडी जेमतेम काही ओळींची असे. कोणी लिहिली, कोणावर, कोणास द्यावयाची, मुदत किती. बाकी शब्दांचा उधळेपणा नाही. रक्कम आली की मात्र लेखणी सढळ होई. आकड्यात, अक्षरांत, आणि शिवाय निम्म्या रकमेची दुप्पट म्हणूनही. शंभर रुपये असतील तर पन्नासाची दुप्पट शंभर. खाडाखोड करू पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी हात घालावा लागे. म्हणजे संक्षेप हा शब्द वाचविण्याचा हव्यास नव्हता. जोखीम असेल तेथे पुनरुक्तीही चाले. आणि त्या चार ओळींमागे लिहिणाऱ्याची पत उभी असे. हुंडी सकारली गेली नाही, तर बाजारात नाव त्याचेच जाई.

समर्थांची पत कोणती? जांब सोडल्यावर, परंपरा सांगते, 12 वर्षे नाशिकजवळ टाकळीस साधना आणि 12 वर्षे देशाटन. पण त्याहून मोठे तारण त्याच दशकात आहे. दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे येतात: बहुश्रुतांची, ग्रंथ जाणणाऱ्यांची, दुसऱ्यास ज्ञान सांगणाऱ्यांची. अडाण्यासाठी काढलेले माप विद्वानालाही लावले, आणि उपदेश करणारा स्वतः त्या मापाबाहेर उभा राहिला नाही.

घरोघरी वडीलधाऱ्यांना आवडतो तो मात्र पहिला समास. दुकानात चुकलेल्या मुलाला त्यातले एखादे लक्षण ऐकविले जाते, मुलगा खाली मान घालतो आणि बोलणे तेथेच थांबते. त्याने तसे का केले, हे विचारावयाचे राहून जाते. दहावा समास त्याच पुस्तकात, थोडी पाने पुढे आहे.